भरतीरेषेवरून मोजलेला समुद्र

समुद्रात भराव टाकायला सरकारची पर्यावरण परवानगी लागते, ही कल्पना मुंबईला तशी नवीच. शहर उभेच राहिले ते भरावावर. अठराव्या शतकातला हॉर्नबी वेलार्ड हा बांध, १९२० च्या दशकातला बॅकबेचा भराव, १९७० च्या दशकातले नरिमन पॉइंटचे टॉवर. भांडणे तेव्हाही झाली, पण ती पैशांवरून. बॅकबेच्या कामातला गैरकारभार खुर्शेद नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला आणि पुढे भरावाच्याच जमिनीला त्यांचे नाव मिळाले!

आज ज्याला आपण ‘सीआरझेड’ (कोस्टल रेग्युलेशन झोन, म्हणजे किनारा नियमन क्षेत्र) म्हणतो, त्याचे मूळ एका पत्रात आहे. नोव्हेंबर १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना कळवले की, भरतीच्या पाण्यापासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवा. पत्राला कायद्याचे बळ नव्हते. ते आले भोपाळच्या वायुकांडानंतर झालेल्या १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यातून. त्याच कायद्याखाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी पहिली किनारा नियमन क्षेत्र अधिसूचना निघाली.

तिचे माप पत्रातलेच होते: भरतीरेषेपासून जमिनीकडे ५०० मीटर, शिवाय भरती आणि ओहोटी यांमधला पट्टा. ओहोटीरेषेपलीकडचे पाणी मात्र या क्षेत्राबाहेरच राहिले. कायदा किनाऱ्याचा, पण पाहत होता जमिनीकडे. राज्यांनी वर्षभरात किनाऱ्याचे आराखडे करायचे होते, तेही रखडले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरून राज्यांचे कान उपटले आणि मधल्या काळात दिलेली एक मोठी सवलतही रद्द केली.

खरा बदल ६ जानेवारी २०११ च्या अधिसूचनेने झाला. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचे पाणी ‘सीआरझेड-४’ म्हणून पहिल्यांदा नियमनाखाली आले. मच्छीमारांच्या उपजीविकेची सुरक्षितता हे उद्दिष्टही लेखी आले आणि मुंबईतले कोळीवाडे नकाशावर दाखवायला सांगितले गेले. जेटी, वाहिन्या, बंदर अशा कामांची छाननी आधी राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे, मग काम कुठे आणि किती मोठे यावर केंद्र की राज्य हे ठरणार, अशी घडी बसली.

मुंबईचा सागरी किनारा रस्ता अडखळला तो इथेच. २०११ च्या नियमांत खांबांवरच्या रस्त्याला वाव होता, भरावावरच्या नव्हे. मग ३० डिसेंबर २०१५ रोजी दुरुस्ती झाली: ‘अपवादात्मक’ प्रकरणी रस्त्यासाठी भराव चालेल. हा अपवाद कोणासाठी होता, हे सांगायला ज्योतिषी नको. मे २०१७ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. १६ जुलै २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. पुरेसा शास्त्रीय अभ्यास झाला नाही आणि नुसती सीआरझेड मंजुरी पुरत नाही, प्रकल्पांचे पर्यावरणावरचे परिणाम तपासणाऱ्या २००६ च्या अधिसूचनेखालची पर्यावरण मंजुरीही हवी, असे न्यायालयाचे म्हणणे. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निकालाला स्थगिती दिली, काम पुन्हा सुरू झाले आणि मार्च २०२४ मध्ये रस्त्याचा पहिला भाग खुला झाला.

दरम्यान १८ जानेवारी २०१९ ला तिसरी अधिसूचना आली. दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरचा ना-विकास पट्टा, म्हणजे नव्या बांधकामाला बंदी असलेला पट्टा, २०० मीटरवरून ५० मीटरवर आला. केंद्राकडे मुख्यतः संवेदनशील किनारा, भरती-ओहोटीमधला पट्टा आणि पाणी यांतले प्रकल्प उरले, बाकीचे राज्यांकडे गेले.

वरळीच्या कोळ्यांचा प्रश्न मात्र मीटरचाच, पण वेगळ्या मीटरचा. त्यांच्या होड्या क्लीव्हलँड बंदरातून ज्या वाटेने समुद्रात जातात, तिथेच सागरी किनारा रस्त्याच्या पुलाचे खांब येणार होते, एकमेकांपासून ६० मीटरवर. मंजुऱ्या हातात होत्या, पण लाटांत हेलकावणारी होडी त्या फटीतून कशी निघणार, हे कोळ्यांना समुद्रात उतरून, काम अडवून सांगावे लागले. शेवटी अंतर १२० मीटर ठरले. त्यांची मागणी याहून मोठ्या अंतराची होती.