जगभरची एकच मंडळी आणि सगळ्यांची मिळून एक संस्था, यात लोकांचा गोंधळ कुठे होतो

चर्चच्या युथ मीटिंगला मुलं दरवेळी एक प्रश्न विचारतात आणि तो प्रश्न अगदी बरोबर आहे. आपण मतांगीकारात, म्हणजे उपासनेत सगळे मिळून म्हणतो त्या विश्वासाच्या कबुलीत, म्हणतो की पवित्र सार्वत्रिक मंडळीवर (मंडळी म्हणजे चर्च) आमचा विश्वास आहे, मग सोलापुरात एवढी वेगवेगळी चर्चेस कशाला, एका ठिकाणी मराठी उपासना, एका ठिकाणी तेलुगू, कुठे कन्नड, कॅथलिकांची मिस्सा वेगळी, पेन्टेकॉस्टल लोकांची प्रार्थना एखाद्या हॉलमध्ये, मग ती "एक" मंडळी आहे कुठे? मोठी माणसं यावर पटकन उत्तर देऊन मोकळी होतात. कोणी म्हणतं सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, अनेक चर्चेस मिळून झालेली संस्था) झालं ना, तेच ते, कोणी म्हणतं पोप सगळ्यांचा प्रमुख झाला की एक होईल, आणि एखादा म्हणतो ते सगळं स्वर्गात गेल्यावर. माझ्या मते या तिन्ही उत्तरांत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जातात, म्हणून त्या शेजारी शेजारी ठेवून बघू.

पहिली गोष्ट म्हणजे विश्वव्यापी मंडळी. ख्रिस्तावर विश्वास ठेवणारे सगळे, कुठल्याही देशातले, कुठल्याही काळातले, ख्रिस्ताचं एक शरीर आहेत ही ती श्रद्धा. पौलाने इफिसकरांच्या पत्राच्या चौथ्या अध्यायात एकच शरीर, एकच प्रभू, एकच बाप्तिस्मा असं लिहिलंय आणि 381 साली कॉन्स्टँटिनोपलच्या सभेने हेच नायसीन मतांगीकारात घातलं, की मंडळी एक, पवित्र, सार्वत्रिक आणि प्रेषितीय (प्रेषितांपासून चालत आलेली) आहे. ही मंडळी कोणी ठराव करून स्थापन केलेली नाही, तिच्यात नाव घालायला फॉर्म नाही. आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात, तिच्यात मेलेले विश्वासणारे पण आहेत. 2 नोव्हेंबरला आपल्याकडे कबरींवर मेणबत्त्या लावतात, त्या आजी-आजोबांचं नाव पास्टरेटच्या (स्थानिक मंडळीच्या) यादीतून कधीच गेलेलं असतं पण या मंडळीतून गेलेलं नाही, प्रेषितांच्या मतांगीकारातली पवित्र जनांची संगत ती हीच.

दुसरी गोष्ट म्हणजे चर्च युनियन, म्हणजे वेगवेगळ्या चर्चेसनी बसून, चर्चा करून, घटना लिहून एक संस्था होणं. आपल्या भागाचा इतिहासच याचा नमुना आहे. सोलापुरात 1860च्या दशकापासून अमेरिकन मराठी मिशनचं काम होतं, हे लोक काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक स्थानिक मंडळी आपला कारभार आपण बघणार, वर बिशप नाही. 1924 साली या मंडळ्या प्रेसबिटेरियन लोकांसोबत युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात गेल्या. आणि 29 नोव्हेंबर 1970ला नागपुरात सहा चर्चेस मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात ही युनायटेड चर्च होती, अँग्लिकन होते, बाप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आणि डिसायपल्स ऑफ ख्राईस्ट. बोलणी 1929 साली लखनौला सुरू झाली होती, म्हणजे एकेचाळीस वर्षं लागली! कारण प्रश्न साधे नव्हते, बाप्टिस्ट म्हणणार लहान बाळाला बाप्तिस्मा द्यायचा नाही, बाकीचे म्हणणार द्यायचा (शेवटी दोन्ही पद्धती मान्य केल्या), अँग्लिकनांना बिशप हवाच, काँग्रिगेशनलवाल्यांना बिशप कशाला हेच कळेना. एवढं करून अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले, ते आजही वेगळेच आहेत.

आता बघा, 28 नोव्हेंबर 1970ला बाप्टिस्ट माणूस आणि अँग्लिकन माणूस ख्रिस्तात एक नव्हते आणि 29ला झाले, असं कोणी म्हणेल का? ते आधीपासून एक होते म्हणून तर एकेचाळीस वर्षं चिकाटीने बसले. भावाभावांची रेशनकार्डं वेगळी असली तरी रक्त तेच राहतं आणि पुढे कार्ड एक केलं तरी भाऊपण त्या दिवशी सुरू होत नाही, तसंच हे. युनियनमुळे एकी तयार होत नाही, असलेली एकी दिसायला लागते. मला सीएनआयबद्दल मनापासून आदर आहे तो याच कारणाने, पण तीच विश्वव्यापी मंडळी असं म्हटलं की आपण मेथडिस्ट, कॅथलिक, ऑर्थोडॉक्स सगळ्यांना बाहेर काढून बसतो. वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेसचंही तेच, 1948 साली अ‍ॅमस्टरडॅमला स्थापन झालेली ती चर्चेसची परिषद आहे, जगाचं चर्च नाही, आणि कॅथलिक चर्च तिचं सभासद पण नाही.

हा फरक पुस्तकी वाटत असेल तर लग्नाच्या वेळी बघा. समजा सीएनआयचा मुलगा आणि कॅथलिक मुलगी, लग्न कॅथलिक चर्चमध्ये. फादर मुलाचं बाप्तिस्म्याचं सर्टिफिकेट मागतात, घरात लगेच कुजबुज सुरू होते की आता परत बाप्तिस्मा घ्यायला लावणार. तसं होत नाही. पाण्याने आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च खरा मानतं, तो पुन्हा दिला जात नाही. मुलगा कॅथलिक नाही म्हणून बिशपांची परवानगी लागते. पण मुलाचा बाप्तिस्माच झालेला नसेल तर नुसत्या परवानगीवर भागत नाही, वेगळी सूट घ्यावी लागते आणि ती नसेल तर त्या चर्चच्या कायद्याने लग्नच ग्राह्य नाही. म्हणजे एकाच टेबलावर दोन्ही गोष्टी दिसतात, सर्टिफिकेट सांगतं की हा त्या एका शरीरातला आहे आणि परवानगीचा कागद सांगतो की संस्था अजून वेगळ्या आहेत.

पास्टरेटचं रजिस्टर घ्या. वर्गणी थकली की मतदार यादीत नाव येत नाही, कमिटीच्या निवडणुकीला मत देता येत नाही, ठीक आहे, संस्थेला नियम लागतातच. पोरगा नोकरीला पुण्याला गेला, ट्रान्सफर लेटर नेलं नाही, तर दोन्हीकडच्या रजिस्टरला तो लटकलेला. पण तो विश्वव्यापी मंडळीतून गेला नाही, आणि "वर्गणी भरली नाही म्हणजे हा ख्रिस्तीच नाही" असं जेव्हा भांडणात बोललं जातं ना, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

उलट बाजूची चूक पण तेवढीच मोठी आहे. "मी विश्वव्यापी मंडळीचा, मला कुठल्या चर्चची गरज नाही" म्हणून रविवारी घरी बसून मोबाईलवर संदेश ऐकायचा. नवीन करारातली मंडळी करिंथ, इफिस, फिलिप्पै अशा नावागावाची आहे, तिथे माणसं एकमेकांशी भांडतात, एकत्र भाकर मोडतात, गरिबांसाठी पैसे गोळा करतात. शेजारच्या बाकावरच्या माणसाशिवाय जगभरचा विश्वासणारा ही नुसती कल्पनाच राहते.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं, मी जी मांडणी केली ती जास्त करून प्रोटेस्टंट आहे. कॅथलिक शिकवण म्हणते की ख्रिस्ताची एक मंडळी पोप आणि बिशपांच्या सहभागितेत असलेल्या कॅथलिक चर्चमध्ये दृश्य रूपात टिकून आहे, पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली हेही सांगितलं की बाप्तिस्मा झालेले बाकीचे ख्रिस्ती त्यांच्याशी जोडलेले आहेत, जोडणी अपुरी असली तरी. ऑर्थोडॉक्सही आपल्या चर्चला तीच एक मंडळी मानतात. आणि आपल्या मराठीतच नारायण वामन टिळकांनी 1917 साली साताऱ्यात "देवाचा दरबार" सुरू केला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून येऊ शकत होते, म्हणजे कडा नेमकी कुठे यावर मतं आधीपासून वेगळी आहेत.

सगळ्यात जास्त दुखतं ते प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीला, ज्याला कम्युनियन म्हणतात. त्या लग्नातला मुलगा पुढे बायकोसोबत मिस्सेला गेला तर साधारणपणे त्याला कम्युनियन मिळत नाही, कारण कॅथलिकांसाठी ते पूर्ण एकीचं चिन्ह आहे, तर बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्या म्हणतात की मेज प्रभूचं आहे, बाप्तिस्मा झालेल्याने यावं. 1982 साली पेरूतल्या लिमा इथे बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि सेवापद यांवर एक मोठा दस्तऐवज तयार झाला, तो करणाऱ्या आयोगात कॅथलिक धर्मपंडितही होते, बाप्तिस्म्यावर बरंच जुळलं, मेजापाशी अजून नाही. हे आपल्या हातात नाही.

पण 18 ते 25 जानेवारीला जगात बऱ्याच ठिकाणी ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह असतो, आपल्याकडे सोलापुरात तेव्हा सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा चालू असते म्हणून तो कुणाच्या लक्षात राहत नाही. एक संध्याकाळ सगळ्यांनी एकत्र यावं, मराठी, तेलुगू, कन्नड एकेक गीत, योहानाचा सतरावा अध्याय (सगळे एक व्हावेत ही येशूची प्रार्थना) आणि मतांगीकार एकदा सगळ्यांनी मिळून म्हणायचा. त्याला घटनादुरुस्ती लागत नाही, एकेचाळीस वर्षं तर नाहीच, फादर आणि पास्टर मंडळींनी एक तारीख ठरवली तर याच जानेवारीत होईल.