थंडीत टायरची हवा कमी करायची? नको!

‘हिवाळ्यात टायरमधली थोडी हवा सोडा, पकड वाढते,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. ऐकायला पटतो, पण चुकीचा आहे.

हवा सोडायचं काम थंडी आपणहूनच करते. तापमान साधारण ६ अंशांनी उतरलं की दाब सुमारे १ पीएसआयने घटतो. गॅरेजमध्ये २० अंशांना ३३ भरलेत, तर बाहेर शून्य अंशाला काटा ३० च्या आसपास दिसेल. त्यात तुम्ही आणखी सोडलीत, तर टायर मधून दबतो, भार कडांवर जातो, खाचा मिटू लागतात आणि ओल्या रस्त्यावरचं पाणी बाहेर फेकलं जात नाही. म्हणजे पकड जातेच, वर कडाही झिजतात.

हा समज आला वाळू आणि खोल, भुसभुशीत बर्फातून. तिथे रुतलेली गाडी काढायला हवा कमी करतात, खरंय. पण अगदी हळू चालवत, आणि बाहेर पडल्यावर लगेच पुन्हा भरून.

दाब सकाळी, गाडी हलवण्याआधी तपासा. आकडा चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा घ्या. टायरवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. तो बघून हवा भरणारे कमी नाहीत!