तोफ मागे का पळत नाही?

तोफ जडच इतकी असते की गोळा सुटला तरी ती जागची हलत नाही, असं पुष्कळांना वाटतं. हिशेब वेगळंच सांगतो.

पहिल्या महायुद्धात जर्मनांकडून हस्तगत केलेल्या तोफा ऑस्ट्रेलियाने मायदेशी नेल्या आणि लोकसंख्या बघून गावोगावी वाटल्या. तिथल्या छोट्या गावांत स्मृतिस्तंभाशेजारी लाकडी चाकांची ७७ मिलिमीटरची मैदानी तोफ दिसते, ती बहुधा यांतलीच. वजन साधारण एक टन. गोळा ६.८ किलोचा, वेग सेकंदाला ४६५ मीटर. दोन मीटरच्या नळीत एवढा वेग द्यायचा तर सरासरी जोर भरतो ३५ ते ४० टनांचा, आणि तेवढाच जोर उलट दिशेने नळीवर येतो. एक टनाचा गाडा त्यापुढे काय टिकणार? जुन्या तोफा दर बाराला मागे उसळत. त्या ओढून पुन्हा जागेवर आणायच्या, पुन्हा नेम धरायचा.

यावरचा तोडगा नळीखालच्या लांबट पेटीत आहे. नळी गाड्याला घट्ट जखडलेली नसतेच, ती मागे घसरते. घसरणाऱ्या भागाचं वजन ४०० किलो धरा. संवेग (वजन गुणिले वेग) अक्षय्य राहतो, म्हणून तो भाग सेकंदाला सुमारे ८ मीटर वेगाने मागे निघतो (इथे दारूच्या वायूचा वाटा सोडून दिला आहे). पेटीत तेलाचं नळकांडं असतं, त्यात दट्ट्या. तेलाला दट्ट्यापलीकडे जायला फक्त अरुंद खाचा. तिथून रेटून जाताना तेल तापतं आणि धक्क्याची ऊर्जा उष्णतेत जिरते. एक मीटरभर अंतरात नळी थांबते आणि गाड्यावर येतो जेमतेम सव्वा टनाचा जोर.

खरी कारागिरी त्या खाचांत आहे. तेलाचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. खाच सारख्याच रुंदीची ठेवली तर सुरुवातीला जबर हिसका बसेल आणि शेवटी पकडच उरणार नाही. म्हणून खाच निमुळती करतात: वाटेचं क्षेत्रफळ उरलेल्या अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटलं की विरोध अथपासून इतिपर्यंत एकसारखा राहतो. मग दाबल्या गेलेल्या स्प्रिंगा नळीला पुन्हा पुढे ढकलतात.

  

१८९७ मध्ये फ्रेंचांनी स्प्रिंगांऐवजी दाबलेली हवा वापरून ७५ मिलिमीटरची तोफ काढली. ती मिनिटाला पंधरा गोळे सहज डागी. जर्मनांची १८९६ सालची नवीकोरी तोफ एका वर्षात जुनाट ठरली आणि तिला तेल-स्प्रिंगांची यंत्रणा बसवून नव्याने घडवावं लागलं. पोलादी ढाल आली तीही यामुळेच. तोफ उसळत होती तोवर गोलंदाजांना दर बाराला दूर सरावं लागे, मग ढालीचा आडोसा घेणार कोण?