पार्श्वभूमी : व्याख्यानं दिसतात, पण असतात कुठे?

भौतिकशास्त्राचा तास बुडाला तर जळगाव, धुळ्याच्या महाविद्यालयांत हल्ली सरळ सांगतात, ‘ऑनलाइन लेक्चर बघून घ्या.’ डिजिटल ग्रंथालयात विषय टाकला की रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानांची रांग समोर येते. त्यातलं उघडतं किती, हा खान्देशात वेगळा प्रश्न आहे.

१५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर उच्च शिक्षणाचे कार्यक्रम लागत, तेही इंग्रजीतून. तेव्हा इथली महाविद्यालयं पुण्याच्या विद्यापीठाखाली होती. जळगावचं विद्यापीठ १९९० चं. घरी व्हीसीआर नसला तर हुकलेला कार्यक्रम गेलाच.

चित्र पालटलं ते २००३ नंतर. आयआयटींनी आणि बंगळूरच्या विज्ञान संस्थेने मिळून ‘एनपीटीईएल’ या राष्ट्रीय उपक्रमाखाली अभ्यासक्रम तयार केले. काही नुसते वाचायचे, काही चित्रफितींचे. चित्रफितींचा विषय म्हणजे साधारण तासाभराची चाळीसेक व्याख्यानं : फळा, खडू आणि कॅमेऱ्याकडे अधूनमधून बघणारे प्राध्यापक. ज्या महाविद्यालयांना हवं होतं त्यांना हे सगळं हार्ड डिस्कवर भरून मिळायचं. कॉलेजच्या संगणककक्षात ती एकदा जोडली की इंटरनेट गेलं तरी लेक्चर चालू.

राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ मध्ये देशाला खुलं झालं तेव्हा वेगळा निर्णय झालेला होता. ग्रंथालयाने मुख्यतः यादी ठेवायची. विषय, व्याख्याते, भाषा, इयत्ता अशा नोंदी आपल्याकडे, व्हिडिओ मात्र मूळ संस्थेच्या सर्व्हरवर. याची कारणं खोटी नाहीत. हक्क मूळ संस्थेकडेच राहतात, दुरुस्ती एकाच जागी होते आणि अवाढव्य साठा दोनदा सांभाळावा लागत नाही. पण हा हिशेब ज्याच्या टेबलावर फायबर पोचलंय त्याचा. नंदुरबारच्या डोंगराळ धडगाव-अक्कलकुव्यात रेंजसाठी टेकाड चढणाऱ्या पोराला शोधपट्टीत नाव सापडतं आणि पुढे चक्र फिरत राहतं. मूळ संस्थेने पत्ता बदलला तर नोंद राहते, लेक्चर गायब. हार्ड डिस्कची पद्धत अडाणी वाटत असेल, पण दुर्गम भागाला तीच परवडत होती. यादीच्या जोडीला निवडक विषयांच्या प्रती जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवायला कुणाची हरकत असायचं कारण नव्हतं.

याच सुमारास बाकीच्या गोष्टीही भराभर झाल्या. २०१७ मध्ये ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं सरकारी संकेतस्थळ आणि डीटीएचवरच्या शैक्षणिक वाहिन्यांची ‘स्वयंप्रभा’ आली. छत्री असली की इंटरनेट लागत नाही म्हणून तापीकाठच्या गावांना दुसरी जास्त सोयीची, आणि तिचीच चर्चा कमी. ‘स्वयम्’वरच्या अभ्यासक्रमांचे श्रेयांक (क्रेडिट) पदवीत धरायला २०१६ पासून २० टक्क्यांपर्यंत मुभा होती, २०२१ मध्ये ती ४० टक्के झाली. तेव्हापासून हे व्हिडिओ अवांतर राहिले नाहीत, गुणपत्रिकेत शिरले. त्या श्रेयांकाची अंतिम परीक्षा मात्र ठरलेल्या केंद्रावर जाऊनच द्यावी लागते, आणि धडगावहून निघणाऱ्याला आधी एसटी गाठावी लागते.