मुंबई आंदणात मिळाली, पण किती आणि केव्हा?

पोर्तुगीज राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रॅगान्झा हिच्या लग्नात इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला अख्खी मुंबई आंदण मिळाली आणि ती लगेच इंग्रजांची झाली, हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो अर्धाच खरा आहे.

कॅथरीनचे वडील जोआंव १६४० पर्यंत ब्रॅगान्झाचे ड्यूक होते. त्या वर्षी पोर्तुगालने स्पेनची सत्ता झुगारली आणि ते राजे झाले. स्पेनला हे मान्य नव्हते. या नव्या घराण्याला इंग्रजांच्या लष्करी मदतीची निकड होती, म्हणूनच १६६१ च्या तहात मुंबईचे बंदर व बेट, उत्तर आफ्रिकेतील टँजियर शहर आणि २० लाख क्रुझादो (पोर्तुगीज नाणी) कबूल झाले. म्हणजे ही लेकीच्या कौतुकाची भेट नव्हती, तर सिंहासन टिकवण्याची किंमत होती.

लग्न १६६२ मध्ये झाले. त्याच वर्षी ताबा घ्यायला आलेल्या इंग्रज अधिकारी अब्राहम शिपमनला पोर्तुगीज व्हाइसरॉयने बेट दिले नाही. त्याला फौजेसह कारवारजवळच्या अंजदीव बेटावर थांबावे लागले आणि ताब्याची वाट पाहत १६६४ मध्ये तो तिथेच मरण पावला. अखेर फेब्रुवारी १६६५ मध्ये त्याचा सचिव हंफ्रे कुक याने ताबा घेतला, तोही केवळ मुंबई बेटाचा.

आजच्या उपनगरांचा मोठा भाग असलेली साष्टी तर आंदणात कधीच नव्हती. ती मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून जिंकली आणि इंग्रजांनी १७७४ मध्ये मराठ्यांकडून घेतली.