६० किलो गाळ गेला कुठे?

मार्चअखेरीस हिशेब जुळवताना पेरणी यंत्रं आणि ट्रॉल्या बनवणाऱ्या लहान कारखान्यात हा घोळ हमखास निघतो. नोंदवहीत गाळ १०० किलो, काट्यावर ४०. कुणी चोरला नाही, नाल्यात टाकला नाही. विदर्भाच्या उन्हाने नेला.

हा गाळ रंगकामातून येतो. पत्र्यावर रंग धरावा म्हणून तो आधी तेल-ग्रीस काढायच्या टाकीत, मग झिंक (म्हणजे जस्त) फॉस्फेटच्या द्रावणात बुडवतात आणि दर वेळी धुतात. धुण्याच्या पाण्यात जस्त उतरतं. कालवलेला चुना घालून पाण्याचा सामू (pH, आम्ल-अल्क दाखवणारा आकडा) ९ ते १० वर नेला की जस्त गाळ होऊन तळाशी बसतं. चुना कमी पडला तर ते विरघळलेलंच राहतं. पण हात सैल सोडून सामू ११ च्या पार नेला, तर बसलेलं जस्त पुन्हा विरघळू लागतं. जास्त चुना म्हणजे जास्त सफाई, हा समज इथे महागात पडतो.

आता ते ६० किलो. ताज्या गाळात ओल ८० टक्के असेल, तर १०० किलोत घन पदार्थ फक्त २० किलो. वाळवून ओल ५० टक्क्यांवर आली की त्याच २० किलो घनासोबत पाणीही २० किलोच उरतं, एकूण ४०. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना गाळ वाळवायच्या उघड्या वाफ्यावर हे भराभर होतं; पावसाळ्यात छप्पर नसेल तर उलटा प्रकार, वजन वाढतच जातं. म्हणून वजनाशेजारी ओलही लिहायची. १०० ग्रॅम नमुना १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा. जितके ग्रॅम उरले तितके टक्के घन. त्यावरून घन किलो काढा; जुळवायचा तो हाच आकडा. दर महिन्याला बरोब्बर ५० किलो दाखवणारी वही तपासणाऱ्याला आधी खटकते.

साठवणीला पक्की फरशी, कडेला बांध आणि वर छप्पर हवंच. काळ्या मातीवर ढीग नको. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात आणि मृगाच्या पहिल्या सरीला ढिगाचं पाणी त्या भेगांतून थेट खाली उतरतं. नंतर माती फुगून भेगा मिटतात, वरून काही दिसत नाही.

घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार हा गाळ ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. वर्षाला १० टनांपर्यंत कचरा करणाऱ्यांना राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ १८० दिवसांपर्यंत मुभा देऊ शकतं. पिंपावर झळझळीत पिवळी पट्टी, तीवर लाल अक्षरांत इशारा, मराठीतही. रोजची नोंद नमुना ३ मध्ये, वर्षाचं विवरण नमुना ४ मध्ये ३० जूनपर्यंत, आणि पर्यावरण विवरणपत्र ३० सप्टेंबरपर्यंत.

यंत्रांचं जळकं ऑइलही घातक कचराच, पण ते कागदावर फारसं दिसत नाही. सेंट्रिंगच्या फळ्यांना, वाळवी लागू नये म्हणून लाकडाला, असं ते गावातच जिरतं. नियमाने ते अधिकृत घेणाऱ्यालाच द्यायचं, तेही नोंद करून.

गाळाची गाडी नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या, घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या सामायिक प्रकल्पाकडे निघाली की सात रंगांच्या प्रतींचं मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्याच्या वाहतुकीचं पत्र, करायचं. पिवळी प्रत वाहतूकदाराची सही घेऊन कारखान्यात राहते. माल पोचल्यावर घेणारा निळी प्रत परत पाठवतो. ती येईपर्यंत नोंद अर्धीच समजायची. तीवरचं वजन आपल्या वजनाशी जुळलं नाही, तर घाबरून आकडा खोडू नका. दोन्हीकडची ओल पाहा आणि घन किलो काढा.