समोरच्या वाऱ्यात होडी पुढे कशी जाते?

परवा देवबागच्या पुळणीवर एक पाहुणे विचारत होते, वारा समोरून असला तर शिडाची होडी मागेच जाणार ना? शीड म्हणजे वाऱ्याने ढकलायचा पडदा असं शिकलेल्या लोकांनाही वाटतं, म्हणून लिहायला बसलो.

उदाहरणाला माझी सगळ्यात लाडकी होडी घेतो, मिरर डिंगी. १९६२ मध्ये इंग्लंडात जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी डिझाईन केली, डेली मिरर पेपरवरून नाव पडलं. घरच्या घरी प्लायवूड तांब्याच्या तारेने शिवायचं, सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी रेझिनने बसवायची. लांबी ३.३ मीटर, वजन शीडकाठी सोडून साधारण ४५ किलो.

तर वारा तिरका आला की शिडाच्या फुगवट्यावरून वळतो आणि वळताना शिडाला उलट जोर देतो, न्यूटनचा तिसरा नियम. पण हा जोर बहुतेक आडवाच, पुढे नेणारा थोडा. नुसत्या सपाट तळाची होडी खेकड्यासारखी आडवीच गेली असती. ते थांबवते पोटातल्या खाचेतून खाली सरकवलेली पातळ फळी, डॅगरबोर्ड. सगळी हुशारी या फळीत आहे! पाणी हवेपेक्षा ८०० पट जड, म्हणून साडेसहा चौरस मीटर शिडाला एवढीशी फळी पुरते. फणसाची ओली आठळी चिमटीत दाबली की सटकते ना, तसंच, एका बोटाच्या जागी वारा, दुसऱ्याच्या जागी पाणी. आणि फळी नुसती अडवत नाही, होडी नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, रेषेत न जाता थोडे अंश वाऱ्याखाली, वारा ढकलतो त्या बाजूला, घसरतच असते, त्यामुळे पाणी फळीवर तिरकं येतं आणि फळी म्हणजे पाण्यातलं शीडच होतं, म्हणजे वेग नसेल तर फळीलाही जोर नाही, म्हणून आधी वेग घ्यायचा मग नाळ वाऱ्याकडे वळवायची. तरी थेट वाऱ्याच्या तोंडात नाहीच, साधारण ४५ अंशांवर नागमोडी जायचं.

आपल्या होडीची उलांडी, म्हणजे बाजूला बांधलेलं तरंगतं लाकूड, या फळीहून वेगळी, ती होडीला कलंडू देत नाही. मिररमध्ये ते काम रुंद तळ आणि काठावर बसून बाहेर झुकलेली माणसं करतात.



फळीची किंमत कळायची तर हिवाळ्यातल्या दुपारी समुद्रावरून वारा लागला की बाहेर पडून बघा. गुडघाभर पाण्यात फळी पुरती खाली जात नाही, तेवढ्यात शीड ओढलंत तर होडी परत पुळणीला लागते. कमरेभर पाण्यापर्यंत ढकलत न्यायची, फळी दाबायची, मगच शीड.